बसायची लेन्स, चालायची लेन्स

आदली रात्र, लातूर

पलंगावर चादर अंथरून सगळ्या लेन्स मांडल्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि एकेक त्यावर ठेवत गेले. लेन्सच्या नावातला आकडा मिलिमीटरचा, तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. ३५ एमएमची छोटी, २०० ग्रॅम. १०-२० ची वाइड, २३०. ७०-३००, ४१५. १८-१४०, ४९०. शेवटी भाच्याने पुण्याहून पाच दिवसांच्या भाड्याने आणलेली सिग्माची १५०-६००. काटा १९३० वर थांबला. माझा निकॉन डी७५०० बॅटरीसकट ७२० ग्रॅमचा, म्हणजे एकटी ती लेन्स अडीच कॅमेऱ्यांहून जड.

पाच दिवस, पाच ठिकाणं: पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य, जायकवाडी, वेरूळ, गौताळा, अजिंठा. सोबत अण्णा, माझे वडील. अण्णांनी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी-परभणीकडे. आता सत्तरी गाठलीय आणि गुडघे कुरकुरतात. म्हणजे बॅग मीच उचलायची आणि प्रत्येक ग्रॅमचा हिशोब मलाच द्यायचा.

तासभर विचार करून ७०-३०० कपाटात परत ठेवली. १४० पर्यंत एक लेन्स आहे, १५० पासून पुढे दुसरी, मग हिचं काम काय, असा सरळ हिशोब केला. हा हिशोब चुकला, पण ते चौथ्या दिवशी कळलं. ट्रायपॉडही ठेवला. लेणींत तो लावायला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते आणि गाडीत बसून पक्षी टिपताना त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी आईने अण्णांच्या जुन्या पँटच्या पायाची दोन्ही तोंडं शिवून लेन्स टेकवायला बीनबॅग करून दिली. रिकामीच घेतली. धान्य वाटेत कुठेही मिळतं, ते घरून का वाहायचं?

भाड्याची लेन्स निघण्याआधी तपासून घ्यावी, हे आग्रहाने सांगते. कंपाउंडच्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं, पंचवीस फुटांवरून ६०० ला, लेन्सच्या मोठ्यात मोठ्या छिद्राने फोटो काढले. छोट्या जाहिरातींतली अक्षरंसुद्धा स्वच्छ आली. लेन्सभोवतीच्या कॉलरचा एक स्क्रू तेवढा ढिला होता, तो आवळला.

दिवस पहिला, नायगाव

अंबाजोगाई, केज करत मांजरसुंब्याला पोचलो. तिथे किराणा दुकानात अडीच किलो ज्वारी मागितली. दुकानदाराने विचारलं, "भाकरीला का पाखरांला?" मी पिशवी पुढे केली आणि तिच्यात ओतायला सांगितली. त्याने काही न विचारता ओतून दिली. अण्णांनी तोंडाला सुतळी बांधली, सिमेंटच्या पोत्याला बांधतात तशी, दुहेरी गाठ मारून.

नायगावचं अभयारण्य १९९४ चं. उघडी टेकाडं, बोरी-बाभळी, वाळलेलं गवत. मोर बघायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं की पावसाळा सरला की मोराची लांब पिसं झडतात आणि जानेवारीत ती नव्याने वाढत असतात. नाचणारा मोर डोक्यात ठेवून हिवाळ्यात गेलात तर हिरमोड होईल. मी तो विचार घरीच सोडून आले होते.

पाच वाजता ऊन तिरपं झालं आणि गाडीच्या उजव्या अंगाने एक मोर थेट वाटेवर आला. सहा-सात मीटरवर! इंजिन बंद, काच खाली, काचेच्या कडेवर ज्वारीची पिशवी, पिशवीवर लेन्स. आणि मोर मावेना. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, छोटा, त्यामुळे १५० सुद्धा सव्वादोनशेसारखी दिसते. तेवढ्या अंतरावर फ्रेममध्ये जेमतेम मीटरभर रुंदी येते. लेन्स बदलायला गेले असते तर हालचालीने तो निघून गेला असता, म्हणून मानेवरच थांबले. मानेच्या निळ्या पिसांची एकावर एक खवल्यांसारखी रचना, डोळ्याखालचा पांढरा कातडीचा पट्टा, तुऱ्याच्या काड्यांच्या टोकाला निळसर गोंडे. इतक्या जवळून मी मोराचा चेहरा कधी पाहिला नव्हता. अख्खा मोर मात्र मिळाला नाही. तिथून पुढे गाडीत असताना १८-१४० कायम मांडीवर, मागचं झाकण सैल करून ठेवलं.

मुक्काम बीडला.

दिवस दुसरा, पैठण

गेवराई, शहागड, पाचोड आणि तिथून डावीकडे वळून पैठण. धरणाच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते.

अण्णा गाडीतून उतरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. या तारखा आमच्या घरात वाढदिवसांसारख्या पाठ आहेत. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि १३२ चा उजवा. आणि पाण्याखाली गेलेली शंभरावर गावं. अण्णा आकडे सांगताना ही गावं कधी वगळत नाहीत.

पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे पाणी सपाट मुलखात पसरलंय. नाथसागराचा, म्हणजे या जलाशयाचा, पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर, पण काठाकाठाने तो उथळ आहे. हिवाळ्यात पाणी मागे सरकतं तसा गाळ उघडा पडतो. त्या गाळावर चिखलात चोच घालणारे पक्षी उतरतात आणि थोडं वर, ओल धरलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. १९८६ साली याला पक्षी अभयारण्य जाहीर केलं.

काठावर गेलो तर आत दूर रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, रांग. गुलाबी रेघ ओढल्यासारखी. मी अधाशासारखे दोनशे फोटो काढले. स्क्रीनवर मोठे करून बघितले आणि पोटात गोळा आला. एकही रोहित धड नाही. माना पाण्यात विरघळल्यासारख्या, कडांना लाटा, पाय तुटक. शटर १/२००० सेकंदाचा, लेन्स पिशवीवर घट्ट, फोकस बरोबर. मग दोष लेन्सचाच, रस्त्यात दणके बसून आतलं काहीतरी हललं असणार. पाच दिवसांचं साडेचार हजार भाडं आणि डिपॉझिट, दोन्ही डोळ्यांसमोर आलं.

अण्णांनी कॅमेरा घेतला. कॅमेऱ्यातलं त्यांना काही कळत नाही असं मी धरून चालले होते. त्यांनी डोळा लावला आणि एका मिनिटात म्हणाले, "माय, लेन्सीची काय चूक नाही. हवा हलायलीय."

"म्हणजे?"

"आम्ही कालव्यावर पातळी मोजायला डम्पी लेव्हल लावायचो. खलाशी आकड्यांची पट्टी, म्हंजे स्टाफ, धरून लांब उभा. सकाळी स्टाफवरला आकडा कसा स्वच्छ वाचता यायचा. दहा वाजले की नाचायला लागायचा. जमीन तापली की तिच्यावरली हवा उकळल्यागत होती. म्हणून लांबची लेव्हल सकाळी उरकायची अन् दुपारी जवळजवळची घ्यायची. तुझी ही लेन्स दुसरं काय आहे? दुर्बीणच की."

मी दहा वर्षं फोटो काढते. उन्हातल्या हवेमुळे फोटो खराब होतात हे वाचलंही होतं. पण लांब लेन्स जितकी लांबचं जवळ आणते, तितकी मधली हवाही जवळ आणते, हे त्या क्षणी समजलं. दोनशे मीटरवरच्या पक्ष्यासाठी मी दोनशे मीटर तापलेल्या हवेचा फोटो काढत होते. ६०० ऐवजी ८०० ची लेन्स असती तरी तेच झालं असतं. महागडी असती तरी तेच.

खात्री करायला पंधरा मीटरवर गाळात फिरणाऱ्या एका शेकाट्याचा फोटो काढला. त्याचे लाल पाय, सुईसारखी चोच, लाल डोळा, सगळं कोरल्यासारखं. लेन्स ठणठणीत होती.

दुसरी चूक माझीच. भिंतीजवळच्या वाऱ्यात मी उभ्याउभ्या लेन्स बदलली. रात्री खोलीवर बघितलं तर आकाशाच्या प्रत्येक फोटोत सहा ठिपके. सेन्सरवर धूळ बसलेली. ब्लोअरने चार गेले, दोन चिवट निघाले. मराठवाड्याच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, तिला फट पुरते. तेव्हापासून लेन्स गाडीत, काचा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरूनच बदलली.

संध्याकाळी अण्णा नाथांच्या समाधीच्या दर्शनाला गेले. मी बॅटऱ्या चार्जिंगला लावून नऊला झोपले.

दिवस तिसरा, सोनेवाडी आणि वेरूळ

पहाटे साडेपाचला निघालो. सोनेवाडीच्या बाजूला, काठाच्या आधी हरभऱ्याचे तुकडे आहेत. धुक्यात एक शेकोटी दिसली. एक शेतकरीदादा कांबळं पांघरून बसलेले. अण्णांनी रामराम घातला आणि खात्याचं नाव सांगताच त्यांना बसायला पोतं मिळालं.

"पाखरं बघायला आलाव का?" दादांनी विचारलं. "बघा ताई, पण आमचं बी बघा. रात्री येतेत अन् शेंडे खुडून जातेत. हाकलायला तीनलाच यावं लागतंय."

ते पट्टकादंबांबद्दल बोलत होते. मध्य आशियातून, हिमालय ओलांडून येणारा हा हंसाच्या जातीचा पक्षी. डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. त्याला बघायला मी लातूरहून आले होते आणि दादा त्याच्यापायी महिनाभर नीट झोपले नव्हते. यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी बांधाच्या आडोशाला गोणपाट टाकून पालथी पडले, पुढे ज्वारीची पिशवी, तिच्यात लेन्स रुतवली.

ज्वारी वाळूपेक्षा चांगली, हे मला तिथे पटलं. वाळू दगडासारखी बसते आणि फाटली तर कॅमेऱ्याचं वाटोळं. ज्वारीचे दाणे लेन्सच्या आकाराने सरकतात आणि मग धरून ठेवतात. हातात वजन राहत नाही, फक्त दिशा देण्यापुरता हात लागतो.

सव्वासातला सूर्य वर आला. आधी आवाज, नाकातून काढल्यासारखा, आँग-आँग. मग पाण्याकडून चाळीसेक पक्षी, खाली, पंख न हलवता तरंगत, पाय पुढे काढून. हरभऱ्यापलीकडच्या गाळावर उतरले, माझ्यापासून साठ मीटरवर. एवढ्या अंतरावर ६०० च्या फ्रेममध्ये जेमतेम अडीच मीटर रुंदीची जागा येते. दोन-तीन पक्षी, बस्स. शटर १/१०००, छिद्र एफ ६.३ (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, १६००. थंड हवा अजिबात हलत नव्हती. पिवळ्या चोचीचं काळं टोक, मानेवरची पांढरी उभी पट्टी, पायाला लागलेला ओला गाळ. एकाच्या चोचीत हरभऱ्याचा कोवळा शेंडा होता, दोन पानं बाहेर लोंबत. तो फोटो माझ्या आजवरच्या फोटोंत मला सगळ्यात प्रिय आहे, आणि दादांच्या नुकसानीचा तो पुरावाही आहे. मी त्यांना स्क्रीनवर दाखवला. "हां, हाच," ते म्हणाले.

त्यांच्यामागे पाण्यात चक्रवाकांच्या जोड्या, थोडे तलवार बदक, वारकरी पक्ष्यांचा काळा थवा. पावणेनऊच्या सुमाराला दूरच्या पक्ष्यांच्या कडा हलायला लागल्या. अण्णांनी शेकोटीजवळून हात वर केला. लेव्हल उचलायची वेळ झाली होती. दादांनी तोवर ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला होता. करपलेली टरफलं हातावर चोळून, फुंकून खाल्लेले ते गरम हिरवे दाणे, आणि तळवे काळे. कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी दोनदा धुतले.

वेरूळला पोचायला साडेतीन झाले. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, त्या हिशोबानेच आम्ही बुधवारी निघालो होतो. वेरूळबद्दल थोडंच सांगते, कारण वेळ थोडाच होता. सोळाव्या लेण्याच्या, कैलासाच्या अंगणात १८ सुद्धा अपुरी पडते. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कातळ खोदत काढलेलं हे मंदिर. त्यामुळे भोवती मागे सरकायला जागा नाही, पाठ थेट डोंगराला लागते. १०-२० तिथे उपयोगी पडली. पण खरा फोटो उजव्या बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढून वरून घेतला. खोदणारे जिथून खाली उतरत गेले, त्याच बाजूने बघितल्यावर ते काम समजतं. वाइड लेन्स वाकडी धरली की स्तंभ आत झुकतात, वर गेल्यावर कॅमेरा सरळ धरता येतो.

दिवस चौथा, गौताळा आणि पितळखोरे

कन्नडहून सकाळी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात शिरलो. २६० चौरस किलोमीटरचं पानगळीचं जंगल. सागाची पानं वाळून परातीएवढी खाली पडलेली. २०२१ मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ दिसला होता, तो यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला. आम्हाला वाघ दिसेल अशी आशा नव्हती. सकाळी गाडीतून एक नीलगाय, तितर आणि तारेवरचा नीलपंख एवढं मिळालं आणि १५०-६०० ने चोख काम केलं.

मग पितळखोरे. दरीत पायऱ्या उतरून जायचं, खाली ओढा, पलीकडे कातळात बौद्ध लेणी, ख्रिस्तपूर्व काळात सुरू झालेली. अण्णा वरच थांबले. मी बॅग खांद्यावर घेतली, दोन पायऱ्या उतरले आणि परत वर येऊन १५०-६०० गाडीत ठेवली. लेण्यांत तिचं काय काम? ३५, १०-२० आणि १८-१४० घेऊन हलकी होऊन उतरले.

चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. बरेच तुटलेत, पण जे आहेत त्यांच्या अंगावरची झूल, गळ्यातल्या घंटा बघताना वेळ गेला. इथेच सापडलेली एक यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कोरलंय की ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली. सोनाराचा हात या हत्तींच्या दागिन्यांतही ओळखू येतो असं मला वाटलं. ३५ ने एफ २.८ ला एक फोटो घेतला, घंटेवर फोकस.

परत चढताना अर्ध्यात दम घ्यायला थांबले. समोर, दरीपलीकडच्या वठलेल्या झाडावर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या पातळीला, सर्पगरुड बसला होता. अंतर चाळीस मीटर. सर्पगरुड नेहमी खालून दिसतो, आकाशाच्या उजेडात काळा. इथे दरी मध्ये असल्यामुळे तो समोरासमोर, मागे सावलीतला कातळ, त्याच्या पिवळ्या डोळ्यात ऊन. माझ्याजवळ सगळ्यात लांब १४०. गरुड फ्रेमच्या मधोमध एक ठिपका. तो दहा मिनिटं बसला. मी दहा मिनिटं उभी.

आणि तेव्हा ७०-३०० आठवली. ४१५ ग्रॅम. ती बॅगेत असती तर मी ती कधीच गाडीत ठेवली नसती. निघायच्या आदल्या रात्री मी आकड्यांना आकडे जोडले, १४० संपलं की १५० सुरू. पण प्रवासाचे दोन भाग होते, बसून करायचा आणि चालत करायचा. गाडीत आणि बांधावर दोन किलो चालतात, ते ज्वारीवर टेकलेले असतात. पायऱ्यांवर नाही. दोन्ही भागांना आपापली लांब लेन्स लागते, आणि चालायची लेन्स तीच, जी खांदा दुखला तरी काढून ठेवावीशी वाटत नाही.

वर आले तेव्हा अण्णा म्हणाले, "एक गरुड फिरत होता बग खाली. काढलास का?"

"नाही अण्णा. लेन्स गाडीत होती."

त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि बॅग माझ्या खांद्यावरून काढून घेतली.

दिवस पाचवा, अजिंठा

रविवार, त्यामुळे गर्दी. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून बसने आत. अण्णांना डोली नको होती, ते टेकत टेकत चढले.

अजिंठ्याच्या चित्रांसाठी लेन्स निवडणार असाल तर मी एकच सुचवेन, ३५ एफ १.८. फ्लॅश बंद, तो बंदच असायला हवा, दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते. आत मंद दिवे. १८-१४० चं छिद्र त्याच ३५ वर एफ ४ च्या आसपास राहतं आणि एफ १.८ त्याच्या जवळपास पाचपट उजेड आत घेतं. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर १/५०, आयएसओ ३२००, श्वास रोखून. मिटत आलेल्या पापण्या, हातातलं निळं कमळ, भुवयांची एकाच फटक्यात ओढलेली रेघ. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते, मला मिळाला दीड मिनिट. अण्णा त्या दीड मिनिटात मोबाइल न काढता नुसते बघत राहिले.

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाण, सुमारे सात मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, अरुंद बाजूच्या ओवरीत. तिथे पुन्हा १०-२०, खांबाला पाठ लावून. पायथ्याशी शोक करणाऱ्या शिष्यांचे चेहरे कोपऱ्यात ताणले जात होते, म्हणून १० वरून १४ वर आले आणि दोन फोटोंत काम भागवलं.

दुसऱ्या दिवशी लातूर. रात्री लेन्स ब्रशने झाडली, खोक्यात भरली, भाचा परत न्यायला येईल. ७०-३०० कपाटातून काढून कॅमेऱ्याला लावली आणि तशीच ठेवली. अण्णांनी बीनबॅगची दुहेरी गाठ सोडली. आईने ज्वारी सुपात ओतून पाखडली, हरभऱ्याची दोन वाळकी टरफलं निघाली, ती बाजूला काढली आणि उरलेली दळणाच्या डब्यात टाकली.